एका बटणाचं बिऱ्हाड

'सोपं असतं हो!' असं ठामपणे सांगणाऱ्या माणसाने ते काम स्वतः कधीही केलेलं नसतं, असं माझं जुनं मत आहे. उकडीचे मोदक वळणं, इन्कमटॅक्सचा फॉर्म भरणं आणि मुलीचं लग्न जमवणं या गोष्टी सोप्या असल्याचं मला आजवर सांगणारे अनुक्रमे मोदक खाणारे, करपात्र उत्पन्न नसलेले आणि ब्रह्मचारी होते. या यादीत आता चौथं काम घालायला हवं : आपला ब्लॉग एका मालकाकडून उचलून दुसऱ्याकडे नेणं. हे सोपं असल्याचं सांगणारा माझा भाचा. पुण्यात संगणकाच्या कंपनीत असतो आणि स्वतः चार ओळींच्या वर काही लिहीत नाही.

"मामा, एक बटण दाबायचं. इकडून एक्स्पोर्ट, तिकडे इम्पोर्ट. तुमचा चहा होईपर्यंत सगळं बिऱ्हाड तिकडे!"

बिऱ्हाड हलवणं म्हणजे काय, हे निदान अलोऱ्याच्या माणसाला कोणी शिकवू नये. चिपळूणहून कुंभार्ली घाटाकडे निघालं, की घाट चढायच्या आधी आमचं गाव लागतं. कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याचं ३२० मेगावॅटचं वीजघर आमच्याकडे आहे. पोफळीला वीज करून दमलेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवायचं आणि अलोऱ्यात पुन्हा कामाला जुंपायचं, अशी ती योजना. निवृत्त झाल्याबरोबर दुसरी नोकरी लागणारं पाणी मी अन्यत्र पाहिलेलं नाही. तर या प्रकल्पापायी इथे वसाहत झाली. वसाहत म्हटली की क्वार्टर आली, क्वार्टर म्हटली की बदली आली. आज शेजारी बसून पत्ते खेळणारा उद्या ट्रकमध्ये कपाट चढवताना दिसायचा.

पण त्या बिऱ्हाडांची एक गोष्ट मला आज फार मोठी वाटते. माणूस गेला, तरी त्याची पत्रं महिनोन्महिने जुन्या क्वार्टरवर येत राहायची. आमचा पोस्टमन ती परत पाठवत नसे. खिशातलं पेन काढायचा, जुन्या पत्त्यावर एक रेघ मारायचा, शेजारी नवा पत्ता लिहायचा आणि पत्र पुढे धाडायचा. त्याबद्दल कोणी एक पैसा मागितल्याचं मला आठवत नाही. त्याच्या पेनात शाई किती खर्च झाली असेल? चार थेंब. आणि माझं भांडण नेमकं या चार थेंबांवरून आहे.

भाच्याच्या बटणाने सामान गेलं, हे मी कबूल करतो. २१४ लेख खरोखरच चहा होईपर्यंत तिकडे पोचले. (फोटो पोचले नाहीत. मध्येच लाइट गेली. वीजघराच्या गावात लाइट जाते, याचं आता आम्हाला हसूही येत नाही.) हरवला तो पत्ता.

जुन्या मालकाला देवनागरी नाव उच्चारता येत नसे. लेखाचं नाव काहीही ठेवा, पत्त्यात तो नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' लिहून पुढे नंबर टाकायचा, तुरुंगात टाकतात तसा. नवा मालक मराठीचा अभिमानी. तो आपलं नाव पत्त्यात घेतो, पण त्याची चाल निराळी. संगणकाच्या हिशेबात आपलं एकेक अक्षर, एकेक काना-मात्रा तीन तीन बाइटांची आणि पत्त्यात लिहिताना प्रत्येक बाइटाची तीन तीन चिन्हं. साध्या 'अ'चं होतं टक्का-ई-शून्य, टक्का-ए-चार, टक्का-आठ-पाच. एका 'अ'ला नऊ चिन्हं! शिवाय सगळ्या नावाला मिळून जागा २०० चिन्हांची. इंग्रज त्यात अख्खा परिच्छेद बसवील. मराठी माणूस साधारण २२ अक्षर-मात्रांत आटोपतो. माझा 'कोळकेवाडीच्या धरणावरून परत येताना' हा लेख नव्या घरी 'कोळकेवाडीच्या-धरणावरून-प' एवढाच उरला. पुढे 'परत आलो' की 'पडलो', हे वाचकांनी ठरवावं.

तेही चाललं असतं. पण जुन्या पत्त्यावर कोणी आलं, तर त्याला नव्या घरी धाडायची सोय जुन्या मालकाकडे माझ्यासारख्या फुकट्या भाडेकरूला नव्हती. आणि ही सोय काही चंद्रावरून आणायची नाही. दारावर ३०१ हा आकडा लावला, की यंत्र स्वतःच समजतं : गृहस्थ कायमचे हलले, अमुक ठिकाणी जा. ३०१ म्हणजे संगणकातला आमचा पोस्टमन! तो नसला की येतो ४०४. म्हणजे असा कोणी इथे राहत नाही. कधी राहत होता असंही नाही.

"जुनं कोण वाचतंय मामा?" इति भाचा.

सांगतो. बोगद्याच्या कामावरच्या एका मुकादमांवर मी लिहिलं होतं. ते गेले. त्यांची मुलगी नागपूरला असते. दर वर्षी त्यांच्या तिथीला ती त्या लेखाची लिंक घरातल्या सगळ्यांना पाठवते. मुलांनी आजोबांना पाहिलेलं नाही ना, म्हणून. बिऱ्हाड हलल्यावर जुनी जागा मी रिकामी केली, त्या वर्षी तिचा निरोप आला : "काका, बाबांवरचा लेख काढून टाकलात का?"

आता या मुलीला मी ४०४चा अर्थ समजावून सांगू?

दुसरा युक्तिवाद तयारच असतो : फुकटात राहता आणि वर मागण्या करता! हे मला अजिबात मान्य नाही. भाडं न घेणारा मालक आमच्या भिंतींवर जाहिराती लावून कमावत असतो आणि कंटाळा आला की सगळी चाळच पाडतो. जिओसिटीज २००९ साली अमेरिकेत बंद झालं. ज्या ऑर्कुटवर आमच्या निम्म्या वसाहतीने एकमेकांना पुन्हा शोधून काढलं, ते ३० सप्टेंबर २०१४ला मिटलं. गूगल प्लस २०१९ला गेलं. जगड्व्याळ कंपन्या या! त्यांना चाळ पाडायचा हक्क आहे, मी नाही म्हणत नाही. पण जाणाऱ्या भाडेकरूच्या नावापुढे शाईचे चार थेंब टाकायला काय हरकत आहे? ज्यांनी हे वेबचं जाळं विणलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच एक लेख लिहून बजावलं होतं, की बाबांनो, पत्ते मोडू नका. ऐकतो कोण!

मी आता वर्षाला हजाराच्या आतबाहेर मोजून स्वतःच्या नावाचा पत्ता घेतला आहे. मालक बदलला तरी तो माझ्याबरोबर येईल. ब्लॉग काढणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशीच हे करायला सांगतो, तर सगळे म्हणतात, कशाला, फुकट मिळतंय की! जुन्या घराची किल्ली सुदैवाने अजून माझ्याकडे आहे. तिथे पुन्हा जाऊन रोज संध्याकाळी एकेका जुन्या पानावर 'हा लेख आता इथे आहे' अशी पाटी हाताने लावतो. मुकादमांची पहिली लावली. साठ झाल्या.

राहता राहिली वसाहतीच्या शाळासोबत्यांनी काढलेली स्मरणिका. तिच्यात माझ्या एका लेखाचा जुना पत्ता छापलेला आहे. कागदावर ३०१ लागत नाही, म्हणून पुढच्या अंकात शुद्धिपत्र द्यावं अशी विनंती करून मी नवा पत्ता कळवला. तो तीन ओळींचा भरला, नुसते टक्के आणि आकडे. मुद्रितशोधकांचं उलट उत्तर आलं : "मजकूर मिळाला. फॉन्ट उडालेला आहे. कृपया मराठीत पाठवणे."