ठेवा जपायचा तो कंठात

आज आषाढी शुद्ध एकादशी. चंद्रभागेचे वाळवंट टाळमृदंगाच्या घोषाने दुमदुमत असता भक्तिपरंपरेच्या भवितव्याची चिंता वाहणे कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु गर्दी म्हणजे परंपरा नव्हे. एका मुखातून दुसऱ्या कानात आणि तेथून कंठात उतरते, ती परंपरा.

आपल्या पूर्वजांनी हा ठेवा कसा जपला, ते पाहावे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पुढील तीन शतकांत नकलाकारांच्या हातून तीत अपपाठ शिरले. एकनाथमहाराजांनी अनेक पोथ्या ताडून शके १५०६ मध्ये तिचे शुद्धीकरण केले आणि आपली ओवी तीत कोणी मिसळू नये, अशी ताकीदही दिली. ग्रंथाची नुसती पूजा करून ते थांबले नाहीत, त्यांनी श्रम केले. इ. स. १९१७ मध्ये जोगमहाराजांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापिली, तीही याच जाणिवेने.

हल्ली ध्वनिमुद्रणाने सारे सुरक्षित झाले, असे म्हटले जाते. जुन्या चाली त्यामुळे टिकतील, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु पूर्वरंगातील सिद्धांत समोरच्या श्रोत्यास पटला की नाही, हे त्याच्या मुद्रेवरून ओळखून हरिदास दृष्टांत बदलतो. यंत्रास श्रोत्याची मुद्रा दिसत नाही. माझ्या नातवाच्या फोनमध्ये शेकडो अभंग आहेत. मुखोद्गत एकही नाही. दोष त्याचा नाही. त्याला शेजारी बसवून शिकविण्यास मी वेळ काढला नाही.

याहून मोठा दोष पदरी आहे, तो आज सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी एक मुलगी कीर्तन शिकण्यास माझ्याकडे आली होती. आवाज गोड, पाठांतर चोख. मुलीस उभे राहून कीर्तन करणे शोभत नाही, असे सांगून मी तिला परत पाठविले. ज्या नगरीत १९४७ साली साने गुरुजींनी मंदिराची दारे सर्वांसाठी उघडावीत म्हणून प्राण पणास लावले, त्याच नगरीत मी माझे दार लावून घेतले! जनाबाई आणि कान्होपात्रा यांचे अभंग गाणाऱ्या मला ही विसंगती तेव्हा दिसली नाही. माझ्या गुरूंची काही आख्याने आज माझ्याखेरीज कोणास येत नाहीत. ती तिला येत असती.

म्हणून समव्यवसायी बंधूंस विनंती आहे. आपली वही कुलपात ठेवू नका. जात वा लिंग न पाहता किमान दोन शिष्य सिद्ध करा. आणि वाचकहो, आजच्या उपवासासोबत घरातील एका मुलास वा मुलीस एक अभंग अर्थासह शिकवा. फराळाआधी तो त्याच्या तोंडून ऐका. पुढच्या आषाढीस दुसरा. वारसा एवढ्यानेच टिकतो. एवढेही न केल्यास तो कशानेच टिकणार नाही.