भट्टीजवळ डॉक्टर हवा

जालन्यात भंगार वितळवून सळई होते, हे राज्याला ठाऊक आहे. फर्नेसला आतून गारेच्या भुकटीचे अस्तर असते, हे मात्र कारखान्याबाहेर थोड्यांनाच माहीत असते. ते वरचेवर झिजते. मग कामगार जुने अस्तर फोडतात आणि नवे ठोकून बसवतात. त्या वेळी उडणारी बारीक धूळ सिलिकाची. ती वर्षानुवर्षे छातीत गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. खोकला घेऊन आलेल्या कामगाराला ‘काम काय करता?’ असे विचारलेच नाही, तर क्षयाची शंका घेऊन डॉक्टर मोकळे होतात. इटलीच्या रामाझिनीने 1700 सालच्या ग्रंथात वैद्यांना हाच प्रश्न विचारायला सांगितले होते.

हा प्रश्न विचारणे ज्यांचा पेशा, त्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांना जालन्यात काम मिळेल का? एमबीबीएसनंतरचा ‘एएफआयएच’ हा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत चालतो. पण पूर्णवेळ जागा निघतात त्या मोठ्या कारखान्यांत. कमी कामगारांच्या कारखान्याला मानधनावरच्या डॉक्टरची मुभा आहे. म्हणजे जालन्यात काम भरपूर, नोकरी तुटपुंजी.

21 नोव्हेंबर 2025 पासून नवी श्रम संहिता लागू झाली. चाळिशीपुढच्या कामगाराची दरवर्षी मोफत तपासणी हे तिचे ठळक आश्वासन. मागणी वाढणार, हे उघड आहे. माझी भीती वेगळी आहे. तपासणीची गाडी फाटकाशी यावी, रक्तदाब मोजला जावा, रजिस्टरवर सह्या व्हाव्यात आणि गाडी पुढच्या गेटवर जावी, एवढ्यावरच हे थांबले तर तज्ज्ञ कुणालाच लागणार नाही. छातीचा एक्स-रे, फुंकून केलेली फुप्फुसाची चाचणी, कानाची तपासणी आणि या साऱ्याची मागच्या वर्षाशी तुलना, हे खरे काम. सिलिकोसिस आढळल्यास कळवण्याचे बंधन डॉक्टरवर 1948 च्या कारखाने अधिनियमापासून आहे. तो कळवला जातो का, हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने विचारायला लागावे. जागा आपोआप निघतील.

एकेकट्या मिलला हा खर्च जड जात असेल, तर दहा-पंधरा मिलांनी मिळून एमआयडीसीत एक केंद्र उभारावे: एक पूर्णवेळ तज्ज्ञ, एक तंत्रज्ञ, एक परिचारिका. जालन्यात 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना सामुदायिक आरोग्य शिकवताना फर्नेसच्या पाळीवर न्यावे. ऑगस्ट 2024 मध्ये इथल्याच एका कारखान्यात भट्टीचा स्फोट झाला, तेव्हा सारा जिल्हा हळहळला. धुळीने होणारे मरण आवाज करत नाही. कामगार बिहार-उत्तर प्रदेशातल्या गावी परततो आणि त्याची नोंद इथे कुठेच उरत नाही. त्याने गाव गाठण्याआधी त्याची छाती तपासणारा डॉक्टर नेमणे, ही उद्योजकांची मेहेरबानी नव्हे. सळईच्या किमतीतच तो खर्च धरला पाहिजे.