ध्रुवतारा सोडा, अगस्त्य धरा

वेधशाळा म्हटलं की डोळ्यांसमोर पांढरा घुमट येतो. मग आपल्यातला एखादा हौशी मेकॅनिकलवाला सुट्टीत घरी गेला की कागद घेतो आणि सगळ्यात आधी घुमटच काढतो. माझं म्हणणं असं की घुमट काढूच नये. आधी जागा काढावी.

आणि जागा तरी कसली? शिरूर काय, दौंड काय, नवीन प्लॉटिंगमध्ये घर म्हणजे एक गुंठा. १०८९ चौरस फूट, सरळ हिशेबाने ३३ बाय ३३. त्यात दुमजली घर, पाण्याची टाकी, एखादं शेवग्याचं झाड. उरलेल्या परसात दहा बाय दहाची खोली बसवायची आहे.

आता आकडेमोड. दौंडचा अक्षांश साधारण साडेअठरा अंश, शिरूरचा किंचित जास्त. म्हणजे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून फक्त तेवढाच वर. दुर्बीण जमिनीपासून ५ फुटांवर आणि उत्तरेला २० फुटी घर धरलं, तर १५ फुटांचा अडथळा चुकवायला घरापासून ४५ फूट लांब जावं लागेल. प्लॉटच मुळी ३३ फुटांचा! म्हणून बरेच जण खोली घराच्या उत्तरेला बांधायला निघतात. ध्रुव मिळतो, पण दक्षिणेचं आकाश घराच्या भिंतीमागे जातं. हा सौदा मला साफ तोट्याचा वाटतो.

कारण आपली खरी श्रीमंती दक्षिणेला आहे. अगस्त्य आपल्याकडे १९ अंशांपर्यंत वर येतो, ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ २४ अंशांपर्यंत. लंडनमध्ये हे दोन्ही कधी उगवतच नाहीत. तिकडची पुस्तकं 'आधी ध्रुव साधा' म्हणतात ते तिकडच्या आकाशापुरतं ठीक आहे. आपण घर उत्तरेला ठेवावं आणि दक्षिणेची बाजू मोकळी सोडावी. डॉब्सोनियन बैठकीला ध्रुव लागतच नाही. फोटो काढायचे म्हणून विषुववृत्तीय बैठक घेतली तरी दक्षिणेचा आणि पूर्वेचा एकेक तारा किती सरकतो ते बघून अक्ष जुळवता येतो. एखादी रात्र जाईल, पण खांब पक्का असेल तर ते रोज उठून करावं लागत नाही.

खांब पक्का म्हणजे काय ते सिव्हिलवाल्यांना सांगायला नको. भीमेकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत न्यायचा आणि खांब खोलीच्या फरशीला कुठेही चिकटू द्यायचा नाही, मध्ये बोटभर फट ठेवायची. नाहीतर कुणी चहा घेऊन आत आला की गुरू ग्रह नाचायला लागतो. गच्चीवर का नको, याचंही उत्तर यातच आहे. स्लॅब पावलागणिक हलतो आणि दिवसभर तापलेला असल्यामुळे अर्धी रात्र गरम हवा सोडतो.

छप्पर मात्र पत्र्याचंच आणि सरकतं. सरकत्या गेटला असतात तसली खाचेची चाकं, खाली अँगलचा रूळ. सरकवायचं कुठे? उत्तरेला, घराच्या बाजूला. ते आकाश आपण आधीच सोडलेलं आहे. अंधार पडायच्या तासभर आधी उघडायचं, म्हणजे आतली गरम हवा निघून जाते. आणि मिटल्यावर चारी कोपऱ्यांना कडी हवीच. वळवाच्या वाऱ्याला पत्रा उचलायला फार वेळ लागत नाही. पावसाळ्यात आरसा काढून घरात, कोरड्या डब्यात.

याच पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, १८८० च्या दशकात प्रा. नायगमवाला यांनी वेधशाळा उभी केली होती. तिथे २० इंची दुर्बीण होती! १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. त्यांनीच २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण बघायला दौंडच्या पुढे, रेल्वेमार्गावरच्या जेऊरला तळ टाकला होता. एका माणसाच्या जिवावर चाललेलं मोठं काम त्याच्याबरोबर थांबतं. दहा बाय दहाची खोली मात्र धाकटी बहीणसुद्धा चालवू शकते.

राहिला प्रकाश. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीचा उजेड आपल्या हातात नाही. शेजारच्या काकांचा एलईडी आहे. पण तो बंद करा म्हणणं मला पटत नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. ज्यांच्या घरामागे ऊस आहे त्यांना अंधाराचं कौतुक कोणत्या तोंडाने सांगायचं? खोलीला सहा फुटी भिंती आणि कडीचं दार मी धरतोय ते यासाठीही. बिबट्या त्याने अडेलच असं नाही, पण उघड्या परसात पाठ करून एकट्याने बसण्यापेक्षा बरं. दक्षिणेची भिंत दुर्बिणीपासून ८ फुटांवर असली तर आकाशाचे सातच अंश जातात.

काकांना दिवा बंद करायला न सांगता त्यावर पत्र्याची टोपी बसवून द्यावी. उजेड खाली अंगणात, गोठ्यात पडतो, जिथे त्यांना तो हवा असतो. उलट आधीपेक्षा जास्त पडतो, कारण वर वाया जाणारा खाली येतो. आपल्या वर्कशॉपच्या भंगारात पत्रा पडलेला आहे, आणि दिवाळीची सुट्टी महिन्यावर आली आहे.