घोडी वारा का पिते?

घोड्यांच्या बाजारात 'खोड' या शब्दाला फार वजन आहे. दात पाहून वय ठरते, चाल पाहून किंमत ठरते आणि खोड कळली की ठरलेली किंमत मोडते. या खोडींत फार बदनाम झालेली एक म्हणजे वारा पिणे. घोडे गव्हाणीची कड पुढच्या दातांत धरते, मान ताणते, 'हुक्' असा आवाज काढते आणि पुन्हा कड धरते. तासन् तास हाच उद्योग!

गेल्या भाद्रपदात आमच्या श्रीरामपुरातली वरातीची एक घोडी याच तक्रारीसाठी माझ्याकडे आली. गळ्याचा चामडी पट्टा इतका आवळलेला, की खालचे केस झडले होते. तंग कसताना ती चावायला धावे, चंदी अर्धी टाकून देई आणि कातडीचा तजेला पार गेलेला.

मालक म्हातारे, अनुभवी. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, जित्याची खोड! तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू. तोवर सुधारली तर ठीक, नाहीतर दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात उभी करतो."

"चाचा, आधी हिचं दिवसाचं खाणं सांगा."

"सकाळ-संध्याकाळ हरभऱ्याची भरड नि गूळ. मधे मूठभर कडबा. वरातीच्या दिवशी काही नाही. नवरदेवासमोर घाण करते ना! नाचून पाय भरले की दुखण्याची गोळी."

नवरदेवाचा उपास एका दिवसात सुटतो. घोडीचा हंगामभर चालतो.

घोड्याचे पोट देहाच्या मानाने लहान, जेमतेम ८ ते १५ लिटरचे. माणसाच्या पोटात आम्ल प्रामुख्याने जेवणाच्या वेळी सुटते. घोड्याच्या पोटात ते रात्रंदिवस पाझरते, कारण हा प्राणी दिवसाचे १६ तास चरण्यासाठी घडलेला. चारा चावताना सुटणारी लाळ ते आम्ल मारते. घोडा न चावता लाळ सुटत नाही. सहा तास पोट रिकामे राहिले की आम्ल वरच्या नाजूक अस्तराला भिडते आणि व्रण पडतात. गूळ-भरडीने आम्ल वाढते, दुखण्याच्या गोळ्यांनी अस्तराचे संरक्षण कमी होते. मग घोडी कड चावते ती लाळ सुटावी म्हणून, असा एक तर्क आहे. इंग्लंडमध्ये २००२ साली वारा पिणारी शिंगरे तपासली, तेव्हा त्यांच्या पोटांत सूज आणि व्रण अधिक आढळले. वारा पोटात भरतो ही समजूत मात्र खोटी. तो बहुतेक अन्ननळीच्या वरच्या भागातूनच परत फिरतो.

व्रणाची खात्री करायची तर तीन मीटर लांबीची दुर्बीण पोटात घालावी लागते. ती माझ्याकडे नाही. म्हणून संशयावरच उपचार धरले. पट्टा त्याच दिवशी काढला. पट्ट्याने आवाज थांबतो, कळ थांबत नाही. गोळ्या बंद, गूळ बंद, भरड निम्मी. बारीक जाळीत कडबा रात्रंदिवस समोर, आणि चंदीआधी लसूणघास. आमच्या भागात घासाला तोटा नाही, आणि त्यातला चुना आम्ल मारायला उपयोगी.

औषध ओमेप्राझोल. ३०० किलोच्या घोडीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम, म्हणजे माणसाच्या २० मिलिग्रॅमच्या ६० कॅप्सूल! आतले दाणे कुटायचे नाहीत, सकाळी चाऱ्याआधी द्यायचे, चार आठवडे. खर्च ऐकून चाचांनी टोपी काढून डोके खाजवले. (वाचकहो, स्वतःच्या घोड्याला हे प्रमाण परस्पर देऊ नका, डॉक्टरला दाखवा.)

तिसऱ्या आठवड्यात चंदी संपू लागली. तंग कसताना आता कान मागे टाकते, चावत नाही. वारा पिणे निम्म्यावर आले. पुरते गेले नाही, आणि जाईलच असे मी चाचांना सांगितलेही नाही. वर्षानुवर्षांची सवय पोट बरे झाले तरी मेंदूत उरते.

"म्हणजे बाजारात नेली तर खोड सांगावीच लागेल," चाचा म्हणाले.

"सांगावी लागेल."

"मग अर्धीच किंमत येणार." त्यांनी घोडीच्या मानेवर, जिथे नवे केस फुटत होते तिथे, हात फिरवला. काल निरोप आला: घरामागच्या दोन गुंठ्यांत घास पेरला आहे, आणि वरातीला निघण्यापूर्वी किती पेंढ्या घालायच्या ते विचारले आहे.