गार झालेला चहा आणि थंड चहा

आमच्या घरात ‘चहा घे, गार होतोय’ या वाक्यातला ‘गार’ शिवीसारखा उच्चारला जातो. त्यामुळे गेल्या एप्रिलात मी फ्रिजमधली बरणी काढून चहा ग्लासात ओतू लागलो, तेव्हा काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. चहा म्हणजे गरमच, थंड चहा हे परदेशी खूळ, असं त्यांचं म्हणणं. पुतणीचं दुखणं वेगळंच. पाकिटातली पूड ढवळली की झालं, बरणीचा खटाटोप हवाय कशाला?

आधी काका. परदेशी म्हणण्याआधी त्यांनी हातातल्या कपाकडे बघावं. 1903 साली चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार होऊ लागला. 1930 च्या दशकात तर मळेवाल्यांचे प्रचारक इथल्या लोकांना चहा करायला शिकवत होते: किटलीत पत्ती, वर उकळतं पाणी, दूध मागाहून. दूध, साखर, आलं, वेलदोडा एकाच पातेल्यात रटरटवणारा चहावाला त्यांच्या लेखी चहा नासवणारा होता. काकांचा अस्सल चहा असा नासवूनच अस्सल झाला. मग माझ्याच बरणीवर राग का?

थंड चहाची जन्मकथाही ऐकून घ्या. 1904 च्या सेंट लुईस प्रदर्शनात उकाड्यामुळे गरम चहा खपेना, तेव्हा रिचर्ड ब्लेचिंडेन यांनी त्यात बर्फ टाकला आणि आइस टी जन्मला, असं सांगतात. गोष्ट गोड आहे, पण जन्म काही तिथला नव्हे. व्हर्जिनियातल्या गृहिणींच्या पाककृतींचं एक पुस्तक मॅरियन टायरी यांनी संपादित केलं होतं. त्याच्या 1879 च्या आवृत्तीत थंड चहा आहे. तोही हिरव्या पत्तीचा, सकाळी करून संध्याकाळी बर्फावर ओतायचा, वर लिंबू पिळायचं. म्हणजे प्रदर्शनातल्या स्टॉलच्या कितीतरी आधी तो घरच्या स्वयंपाकघरात होता, आणि त्याची तयारी आदल्या प्रहरी होत होती. माझी बरणी त्याच घराण्यातली.

एका मुद्द्यावर मात्र काका शंभर टक्के बरोबर आहेत. गार झालेला चहा वाईटच लागतो. उकळून उकळून काढलेला कोरा चहा फ्रिजमध्ये सारला की दुसऱ्या दिवशी गढूळ दिसतो. तो नासलेला नसतो. चहाला रंग आणि तुरटपणा देणारी द्रव्यं गारव्यात कॅफीनशी जोडी जमवतात आणि विरघळलेली राहत नाहीत, इतकंच. थोडं गरम पाणी घातलं की पुन्हा नितळ. पण जिभेला ओरबाडणारा कडवटपणा तसाच उरतो, कारण तो उकळतानाच पाण्यात उतरलेला असतो. आपल्याकडच्या बारीक दाण्याच्या सीटीसी पत्तीत हे फार झपाट्याने घडतं. ती पत्ती घडवलीच आहे दुधाला पुरून उरण्यासाठी. दूध काढून घेतलं की तिच्याशी झुंजायला कुणी उरत नाही.

घाईवाले म्हणतील, गरम चहात बर्फ टाकला की झालं. हिशेब करा. 80 अंशांचा अर्धा लिटर चहा 5 अंशांवर आणायचा तर साधारण 400 ग्रॅम बर्फ वितळून त्यात मिसळतो. म्हणजे जवळजवळ तेवढंच पाणी. चहा दुप्पट दाट केला नसेल तर ग्लासात राहतं ते चहाचं धुवण. पाहुणे दारात उभे असतील तर दुप्पट पत्तीचा हा मार्ग मलाही मान्य आहे, एरवी नाही.

एरवी थंड पाणी. एक लिटर पाण्याला 10 ग्रॅम लांब पानाची पत्ती, निलगिरी किंवा दार्जिलिंग. निलगिरी घेतलीत तर उत्तम, तिचा थंड चहा सहसा नितळ राहतो. पाणी उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं, बरणी स्वच्छ, झाकण घट्ट. रात्री झोपताना फ्रिजमध्ये ठेवायची आणि सकाळी गाळून घ्यायची. गारव्यात तुरट द्रव्यं हात आखडता घेतात, गोडसर चवीची अमिनो आम्लं मात्र सहज सुटतात. म्हणून या चहाला साखर कमी लागते. घालायचीच तर पाक करून घाला. साखर गार चहातही विरघळते, पण इतक्या सावकाश की तळाशी साठलेली शेवटच्या घोटात एकदम तोंडात येते. गवती चहाची दोन पाती चुरगाळून पत्तीबरोबरच टाकावीत. लिंबू आयत्या वेळी. त्याने रंग उजळतो, तेव्हा चहा पातळ झाला असं समजून घाबरू नये.

बरणी गच्चीवर उन्हात ठेवण्याची एक अमेरिकी तऱ्हा आहे. आपल्याकडे मे महिन्यात कुरडया वाळतात त्याच गच्चीवर हा मोह होईल. पण त्या उन्हाने पाणी जंतू मरण्याइतकं तापत नाही, त्यांना वाढायला सुखाचं मात्र होतं.

आता पुतणीचं पाकीट. मी ते उलटं करून तिला घटकांची यादी वाचायला लावली. यादीत जे सर्वांत जास्त ते पहिलं लिहितात. पहिली होती साखर, चहाचा नंबर बराच मागे. एका हॉटेलात मला हेच उंच ग्लासात, पुदिन्याचं पान खोचून, जेवणाच्या निम्म्या किमतीला दिलं होतं. 10 ग्रॅम चांगली पत्ती आणि रात्रभरची झोप, याला खटाटोप म्हणायचं तर दही लावणं हा महापराक्रमच ठरेल. पुतणी हसली. तिच्या होस्टेलच्या खोलीत आता एक बरणी आहे.

काकांनी त्या दिवशी बराच वेळ ग्लासाकडे संशयाने पाहिलं. मग उन्हातून आलेल्या माणसासारखे एका दमात प्यायले, आणि दुसरा मागून घेतला. तोही संपवून मिशा पुसत म्हणाले, ‘‘सरबत झकास झालंय. आता जरा चहा टाक.’’

टाकला.