खाजेची ट्यूब

‘काका, खाजेची ट्यूब द्या. ती पांढरी.’

चिपळूणच्या बाजारपेठेत माझं औषधांचं दुकान आहे, ३१ वर्षं झाली. पावसाळ्यात हे वाक्य दिवसातून किती वेळा कानावर पडतं ते मोजायचं मी केव्हाच सोडून दिलं. कपडे वाळत नाहीत, रेनकोटची पँट दिवसभर अंगाला चिकटलेली, मग जांघेत, कमरेला गोल चट्टे. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं, तेव्हा गाळ उपसणारी माणसं पुढे महिनाभर खाजवत होती. मीही त्यांतलाच.

‘ती पांढरी’ म्हणजे क्लोबेटासॉल हे जबर ताकदीचं स्टेरॉइड, जोडीला बुरशीचं एखादं औषध, वर एखादं अँटिबायोटिक. थोडक्यात मिसळ. काय लागेल ते लागू पडेल! ही ट्यूब मी वर्षानुवर्षं चिठ्ठी न मागता विकली आहे. ते आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा.

माझं म्हणणं एवढंच, की ‘खाजेची ट्यूब’ अशी वस्तू असूच शकत नाही. खाज एक नाहीच मुळी. आणि हे मला फार्मसीच्या पुस्तकांनी नाही, माझ्या नातीने शिकवलं.

ती सहा वर्षांची आहे. कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत तिला इसब. रात्री दोनला पलंगाच्या कडेला करकर आवाज सुरू व्हायचा. सून तिच्या हातांत मोजे चढवायची, ती झोपेत ते दातांनी काढायची. आमच्या घरातलं निदान ठरलेलं होतं: ‘सवय लागलीये हिला, लक्षच देऊ नका.’ मी औषधवाला, म्हणून मी पित्ताचं सिरप दिलं, ज्याने झोप येते ते. ती झोपली. आणि झोपेतच खाजवत राहिली.

त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा बाईंनी मलाच उलट विचारलं, ‘काका, तुम्ही कोकणातले ना? खाजकुयली लागलीये कधी?’

लागलीये म्हणजे काय! चौथीत असताना आम्ही ती मास्तरांच्या खुर्चीवर झटकली होती आणि वारा उलटा फिरला होता. तिच्या शेंगांवरची सोनेरी लव अंगावर पडली की माणूस नाचतो. ‘त्यावर पित्ताची गोळी घेऊन पाहा,’ बाई म्हणाल्या, ‘काही होणार नाही.’

मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. अंगावर पित्त उठतं, गांध्या येतात, ती एक खाज. तिथे मुख्य काम मास्ट पेशींचं. पॉल एर्लिश या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांना १८७८ साली नाव दिलं. दाण्यांनी गच्च भरलेल्या पाहून त्याला त्या खाऊनपिऊन माजलेल्या वाटल्या, नावही त्याच अर्थाचं. त्या दाण्यांत हिस्टामिन असतं. पेशी फुटल्यासारखी दाणे बाहेर टाकते आणि दहा मिनिटांत गांधी उठते. पित्ताची गोळी अडवते ती हिस्टामिनला. (आमसुलाचं पाणी चोळलं की गार वाटतं, ते मी अजून चोळतो. त्याबद्दल बाई काही बोलल्या नाहीत.)

खाजकुयलीच्या लवेत हिस्टामिनचा आधार न घेणारं एक विकर असतं, म्युक्युनेन. मज्जातंतूच्या टोकावरचं एक प्रथिन ते कात्रीसारखं कापतं आणि खाज थेट सुरू होते. म्हणजे मेंदूकडे जाणारी वाट एकच नाही. इसबातली खाज बहुतेक या दुसऱ्या आळीने जाते. तिथे टी पेशींचा, म्हणजे शरीराच्या शिपायांचा, एक गट ठाण मांडून बसलेला असतो. शत्रू नसतानाही त्या पेशी इंटरल्यूकिन नावाचे निरोप सोडत राहतात. त्यातला ३१ नंबरचा निरोप २००४ साली सापडला. ज्या उंदरांच्या अंगात तो जास्त तयार होत होता, ते केस झडेपर्यंत खाजवत राहिले. ४ आणि १३ नंबरचे निरोप मज्जातंतूंना थेट चाळवतात, हे २०१७मध्ये सेंट लुईसच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. भरीला, इसब झालेल्या त्वचेवर स्टॅफिलोकोकस हा जिवाणू माजतो. त्याचंही एक विकर खाजकुयलीसारखीच कात्री चालवतं, हे २०२३ साली हार्वर्डमधून पुढे आलं.

तेव्हा मला नातीच्या मोज्यांची आठवण झाली. पोरीच्या अंगात आतून खाजकुयली झटकली जात होती आणि आम्ही तिला वळण लावत होतो.

‘दर वर्षी त्याच जागी कसं येतं हो?’ हा गिऱ्हाइकांचा दुसरा नेहमीचा प्रश्न. त्याला मी ‘रक्तात असतं’ असं ठोकून द्यायचो आणि रक्तशुद्धीची बाटली पुढे सरकवायचो. खरं उत्तर जास्त मजेशीर आहे. चट्टा गेला तरी आठवण धरणाऱ्या काही टी पेशी त्याच जागच्या कातडीत मुक्काम ठोकून राहतात. निमित्त मिळालं की तिथूनच पुन्हा सुरुवात. रक्त शुद्ध करून त्या हलायच्या नाहीत.

आता नातीच्या आजीच्या ‘खाजवू नकोस’ या ओरडण्याबद्दल. ‘खाजवून खरूज काढणे’ हे आपण भांडणासाठी वापरतो, पण ते शब्दशः खरं निघालं. २०२५च्या सुरुवातीला पिट्सबर्गच्या शास्त्रज्ञांनी कानाला ॲलर्जी झालेल्या काही उंदरांच्या गळ्यात, कुत्र्यांना घालतात तशा चिमुकल्या कॉलर अडकवल्या. खाजवता न आलेल्या उंदरांची सूज बरीच कमी राहिली. खाजवताना वेदनेचे तंतू एक रसायन सोडतात आणि त्याने मास्ट पेशी आणखी चेकाळतात. गंमत म्हणजे खाजवणाऱ्यांच्या कातडीवर जिवाणू मात्र कमी होते. तेव्हा आजी चुकीची नव्हती, पोरगीही नव्हती.

आणि पांढरी ट्यूब? स्टेरॉइड हे सगळे निरोप एकदम बंद पाडतं. इसबात, योग्य ताकदीचं, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस लावलं तर ते वरदान आहे. नातीलाही त्यानेच उतार पडला, सोबत आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावलेल्या साध्या व्हॅसलीनने. ‘स्टेरॉइड नको रे बाबा’ म्हणून पळणारेही मला पटत नाहीत. पण जांघेतला नायटा ही बुरशी आहे, तिथे याच टी पेशी लढत असतात. त्यांना गप्प केलं की खाज दोन दिवसांत थांबते, लाली उतरते, माणूस खूश होतो, आणि बुरशी निवांत मांड्यांवर पसरते. ट्यूब थांबली की दुप्पट. मग तो दुसरी घेतो. अशी वर्षभर ट्यूब लावणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे होती. कातडी कागदासारखी झालेली, त्यावर ताणल्याच्या रेघा. त्या रेघा जात नाहीत.

२०१८मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. माझ्या काउंटरवर तो कायदा किती पोचला हे मी वर सांगितलंच आहे. फक्त आम्हा दुकानदारांवर हात उगारून हे सुटणार नाही. ज्या मिसळीचं शास्त्रात काही कारणच नाही, ती बनवायची परवानगी मुळात का आहे? तीन औषधं एका ट्यूबमध्ये घालणं म्हणजे ‘निदान करायची गरज नाही’ असं छापून देणं. दुसऱ्या टोकाला ४ आणि १३ नंबरचे निरोप नेमके अडवणारी इंजेक्शनं निघाली आहेत, पण त्यांच्या किमती आमच्या गावात उच्चारता येत नाहीत. मधे उरते तालुक्याच्या दवाखान्यातली त्वचेच्या डॉक्टरांची रिकामी खुर्ची. तेवढी भरली तरी पुष्कळ.

गेल्या वर्षापासून मी चिठ्ठीशिवाय पांढरी ट्यूब देत नाही. परवा एक रिक्षावाला आला. त्याला म्हटलं, ही नको, आधी दाखवून ये, उलट वाढेल. त्याने ऐकून घेतलं. ‘राहू दे काका,’ म्हणाला आणि रस्ता ओलांडून समोर गेला. पाच मिनिटांनी परत आला. समोर पाचशेचे सुट्टे नव्हते.