वॅट विचारू नका

बेस गिटारसाठी कॅबिनेट घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो तो वॅटचा: किती वॅटचं दाखवू? निवड चुकते ती इथूनच. कॅबिनेटवर छापलेला वॅटचा आकडा एवढंच सांगतो, की आतली कॉइल जळण्याआधी स्पीकर किती वीज सोसेल. त्यातून आवाज किती निघेल, हे तो सांगत नाही. ते कळतं सेन्सिटिव्हिटीवरून, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात त्यावरून. ९७ डेसिबलचं कॅबिनेट १०० वॅटमध्ये जेवढं वाजतं, तेवढं वाजायला ९४ डेसिबलच्या कॅबिनेटला २०० वॅट लागतात. दोघांवर ‘३०० वॅट’ असंच छापलेलं असू शकतं.

उचलून नेता येईल असं कॅबिनेट हवं असेल, तर हा हिशेब आणखी महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेतल्या केएलएच कंपनीचे एक संस्थापक जोसेफ अँटन हॉफमन (प्रख्यात पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे चिरंजीव) यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो. खोकं लहान, खर्ज खोल आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. तिसरी सोडावीच लागते. कोणत्याही जाहिरातीने हा नियम बदलत नाही.

मग सोडायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: खर्जाचा अगदी तळ सोडावा. चार तारांच्या बेसची जाड तार ४१ हर्ट्झवर बोलते, पाच तारांच्या बेसची ३१ वर. लहान कॅबिनेट तिथवर पोचत नाही म्हणून अनेक जण ते नाकारतात. त्यांनी अँपेगच्या एसव्हीटी मालिकेतल्या आठ दहा-इंची स्पीकरांच्या कॅबिनेटचे आकडे पाहावेत. ही मालिका १९६९ची. हे कॅबिनेट सुमारे ६४ किलोचं आहे, वादक त्याला ‘फ्रिज’ म्हणतात आणि रॉकमधला बेस कसा वाजावा हे पिढ्यान्‌पिढ्या त्यावरूनच ठरत आलं. कंपनीच्याच आकड्यांनुसार त्याचा आवाज ५८ हर्ट्झला उतरू लागलेला असतो आणि ४० हर्ट्झला १० डेसिबलने खाली गेलेला असतो. तरीही ऐकणाऱ्याला खर्ज कमी वाटत नाही. ४१ च्या तारेतून ८२ आणि १२३ हर्ट्झचे उपस्वरही जोरात निघतात आणि कान त्यांवरून मूळ स्वर ओळखून घेतो. ६४ किलोंना जे जमत नाही, ते १२-१५ किलोंकडून मागू नये.

मागितलं तर काय होतं, तेही सांगायला हवं. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा, तर स्पीकरच्या कागदाला चौपट पुढे-मागे हलावं लागतं. म्हणून अँपवरचं बेसचं बटण चढवत नेलं की लहान कॅबिनेट छापील वॅटच्या कितीतरी आधी फडफडू लागतं. अँपमध्ये हाय-पास फिल्टर (ठरावीक पातळीखालचा खर्ज अडवणारा) असेल तर तो ४० हर्ट्झच्या आसपास लावावा. निरुपयोगी थरथर थांबते, स्वर स्वच्छ येतो आणि स्पीकर वाचतो.

वजनाचा प्रश्न आता बराच सुटला आहे. निओडिमियम चुंबकांमुळे स्पीकर हलके झाले, क्लास डी अँप तीनेक किलोंत येतात. लोकलच्या गर्दीतून किंवा लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या जिन्यावरून सामान नेणाऱ्या वादकासाठी ही मोठी सोय आहे. मात्र हलकेपणासाठी पातळ फळ्यांचं खोकं घेऊ नये. आत आडवे टेकू नसतील तर फळ्याच गुणगुणतात आणि प्रत्येक स्वर गढूळ होतो.

वॅटच्या आधी ओम (कॅबिनेटचा विद्युत रोध) पाहावेत. अँपवरचे ५०० वॅट बहुधा ४ ओमसाठी असतात, ८ ओमवर त्याहून बरेच कमी मिळतात. म्हणून ४ ओमचं एकच कॅबिनेट घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. ८ ओमचं घेतलं तर पुढे तसंच दुसरं जोडता येतं. दोन्ही मिळून ४ ओम होतात, अँप पूर्ण ताकद देतो आणि आवाज सहा डेसिबलपर्यंत वाढतो. छोट्या हॉटेलात एक न्यावं, मैदानावर दोन. जोडायला स्पीकरचीच केबल वापरावी, गिटारची नव्हे.

दुकानदारांना विनंती आहे, की गिऱ्हाइकाला स्वतःचा बेस आणि अँप लावून, चार पावलं दूर उभं राहून, ड्रमसोबत वाजवतात तेवढ्या जोरात वाजवू द्यावं. आणि घेणाऱ्याने बारा इंची एक स्पीकर, ८ ओम, १५ किलोंच्या आत आणि सेन्सिटिव्हिटी स्पष्ट छापलेली, एवढं पाहून घ्यावं. वॅट सगळ्यात शेवटी विचारावेत.